बँड वर्षानुवर्षं टिकतो तो कशामुळे? (ठाणे, नवी मुंबईतल्या वाजवणाऱ्यांसाठी धागा)

चौथी_तार:

गेल्या महिन्यात ओळखीतला एक तरुण बँड फुटला. ऐरोलीची मुलं, घट्ट वाजवायची. दोन ओरिजिनल्स, म्हणजे स्वतःची गाणी, रेकॉर्ड झालेली, तिसऱ्याचं काम चालू होतं. गिटारिस्टला पुण्यात नोकरी लागली. बाकीच्यांनी त्याला सांगितलं, बँड की नोकरी ते आत्ताच्या आत्ता ठरव. त्याने नोकरी ठरवली. थोड्याच दिवसांत उरलेले तिघंही पांगले. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय.

आमचा बँड १९९८ साली ठाण्यात कॉलेजात जमला. मी बेस वाजवतो. लाइनअप आजही तीच आहे, चौघंच्या चौघं. नोकऱ्या सगळ्यांना आहेत, त्यामुळे पोटापाण्यासाठी वाजवणाऱ्यांना माझं सगळं लागू होईल असं नाही. त्या काळी धोबी तलावच्या रंगभवनला इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक बँडांचा फेस्टिव्हल व्हायचा, आम्ही ठाण्याहून लोकलने जायचो आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून शेवटच्या बँडचं निम्मं सोडून पळत सुटायचो. पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो फेस्टिव्हलमधल्या लाइव्हवायर या बँडस्पर्धेला आमच्याबरोबर उतरलेले कितीतरी बँड आमच्यापेक्षा सरस होते. त्यांचे ड्रमर टाइमला पक्के, गायकांची रेंज मोठी. तरी त्यातले बहुतेक तीन-चार वर्षांत बंद पडले. मतभेद झाले असं सांगतात. मतभेद आमच्यातही कडाक्याचे झाले. मला फरक दिसतो तो एवढाच, की जो बँड आपल्या माणसासाठी थांबत नाही तो फुटतो.

डेफ लेपर्डचं उदाहरण घ्या. इंग्लंडमधल्या शेफील्डचा रॉक बँड. ३१ डिसेंबर १९८४ ला त्यांचा ड्रमर रिक अ‍ॅलन याच्या गाडीला अपघात झाला आणि त्याचा डावा हात गेला. ड्रमरचा हात गेल्यावर दुसरा ड्रमर शोधणं ही जगाची रीत. त्यांनी शोधला नाही. अ‍ॅलनने इलेक्ट्रॉनिक किट बनवून घेतला. डाव्या हाताने जे वाजवायचं ते डाव्या पायाने पेडलवर वाजवायला शिकला. ऑगस्ट १९८६ मध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या फेस्टिव्हलला तो किटमागे बसला आणि १९८७ साली त्यांचा 'हिस्टेरिया' आला, जो त्यांचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम ठरला. तो बँड आजही वाजवतोय, ड्रमवर अ‍ॅलनच आहे.

दुसरं उदाहरण आपल्या नेरूळचं. १५ डिसेंबर २०१९ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर यूटू हा आयरिश बँड वाजला, त्यांचा भारतातला पहिलाच कार्यक्रम. १९७६ साली डब्लिनच्या शाळेत ड्रमर लॅरी मलनने नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली तेव्हा जमलेल्यांपैकी चौघं त्या रात्री नेरूळच्या स्टेजवर होते. त्यातला अ‍ॅडम क्लेटन माझा आवडता, बेसवाला म्हणून असेल. १९९३ साली सिडनीत आदल्या रात्रीच्या दारूमुळे तो कार्यक्रमाला उभाच राहू शकला नाही, आणि त्याच्या जागी त्याचा टेक्निशियन बेस घेऊन उभा राहिला. एवढं मोठं प्रॉडक्शन आणि बेसवाला गायब! पण क्लेटनला त्यांनी काढलं नाही. पुढे त्याने दारू सोडली. २०२३ साली लास व्हेगसच्या स्फिअरमधल्या कार्यक्रमांना शस्त्रक्रियेमुळे लॅरी नव्हता. ब्रॅम व्हॅन डेन बर्ग हा डच ड्रमर वाजवायला बसला, पण लॅरीची जागा लॅरीचीच राहिली.

आमच्याकडे ही वेळ आली ती आमचा ड्रमर नोकरीसाठी मस्कतला गेला तेव्हा. डोंबिवलीचा एक मुलगा वाजवायला आला. पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं की ही जागा राखीव आहे. गिगचे, म्हणजे कार्यक्रमाचे, पैसे वाजवेल त्याचे, गाण्यातला वाटा गाणं बनवणाऱ्याचा, आणि मस्कतवाला ज्या दिवशी ठाण्यात उतरेल त्या दिवशी तो परत बसेल. त्या मुलाला यात काही वावगं वाटलं नाही, कारण सगळं आधी बोलून झालं होतं. तो पुढे दुसऱ्या बँडला लागला, आजही आमच्याकडे येऊन बसतो.

मस्कतवाला परतला तेव्हा त्याचा उजवा पाय जड झाला होता. आमचं एक गाणं मिनिटाला १६८ ठोक्यांच्या टेम्पोला होतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, मागे पडायची, मी बेसवर तिला ओढत राहायचो आणि दोघांचे चेहरे घामाने थबथबायचे. आमच्या गिटारिस्टने काही न बोलता मेट्रोनोम १५० वर आणला आणि रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा, सुरू केला. त्या संथ चालीत गिटारच्या दोन स्वरांमध्ये जागा मोकळी झाली. पूर्वी जिथे मी नुसतं मूळ स्वरावर धावायचो तिथे आता चाल बांधता आली. ते गाणं आम्ही पुन्हा वर नेलंच नाही. पायात जोर आल्यावरही नाही. लोकांना तीच आवृत्ती जास्त आवडते.

दुसरी गोष्ट प्रॅक्टिसची. गुरुवारी रात्री वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात आम्ही भेटतो. गिग असो नसो. गिग असेल तरच प्रॅक्टिस असं ज्यांनी ठेवलं त्यांची गाठभेट बुकिंग करणाऱ्याच्या हातात गेली. ठाण्यात रॉक बँडला बोलावणाऱ्या जागा पहिल्यापासून कमी. पबमध्ये वाजवायचं तर अंधेरी नाहीतर लोअर परळ. बोलावणं आलं नाही की दोन-दोन महिने भेट नाही, आणि मग एक दिवस कळतं की बँड संपलेला आहे.

तुमचे अनुभव लिहा. वाजवणाऱ्यांनी लिहाच, घरच्यांनीही लिहा.

कळवा_पूर्व:

मनापासून लिहिलंय. थोडी वेगळी बाजू मांडतो.

माझ्या वडिलांची बेंजो पार्टी होती. हळदीच्या सुपाऱ्या, गणपती, नवरात्र, साखरपुडे. दिघा, रबाळे, घणसोली, गोठिवली, या सगळ्या गावांत आमचं नाव होतं, आणि ते नाव आजही चालू आहे, चुलतभाऊ बघतो. पण त्यात पहिल्या लाइनअपचा एकही माणूस नाही. ट्रम्पेटवाला गेला, ढोलकीवाला नातवंडांत रमला, बेंजोवर तिसरी पिढी आहे. आमच्यात मालक असतो. तो सुपारी घेतो, इसार घेतो, माणसं जमवतो आणि प्रत्येकाला नाइट, म्हणजे त्या कार्यक्रमाचे ठरलेले पैसे, देतो. आजारी पडलास तर दुसरा येईल, बरा झालास की ये. यात कुणाला वाईट वाटत नाही, कारण कुणी कुणाला वाट्याचं वचन दिलेलं नसतं.

म्हणजे टिकण्याचे दोन प्रकार झाले ना? एकात नाव टिकतं, एकात माणसं. डीप पर्पल हा इंग्लंडचा रॉक बँडही पहिल्या प्रकारातच बसेल. १९६८ पासूनच्या प्रत्येक लाइनअपमध्ये असलेला त्यांच्यातला एकच माणूस, ड्रमर इयन पेस. तरी लोक डीप पर्पल ऐकायला जातातच.

वडील एक पथ्य कडक पाळायचे. सुपारी संपली की मंडपाबाहेर पडायच्या आत, टेम्पोत सामान चढत असतानाच प्रत्येकाच्या हातावर नाइट ठेवायची. पार्टीकडून बाकी यायची असली तरी स्वतःच्या खिशातून. म्हणायचे, कलाकार घरी गेला की त्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो.

चौथी_तार:

@कळवा_पूर्व, वडिलांचं हे पथ्य आमच्या गाळ्यात लिहून लावतो. आमच्याकडे पैसे चार दिवसांनी वाटले जायचे आणि त्या चार दिवसांत नको ते विचार यायचे, हे अगदी खरं आहे.

दोन प्रकार मान्य. मी दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलतोय, कारण ओरिजिनल्स करणाऱ्या बँडमध्ये गाणंच त्या चौघांच्या हातांतून आलेलं असतं. माणूस बदलला की गाण्याचा आवाज बदलतो.

सीवुड्सची_मी:

घरच्यांनीही लिहा म्हणालात म्हणून लिहिते. माझा नवरा गिटार वाजवतो, आमच्या लग्नाच्या आधीपासून त्याच बँडमध्ये.

बँड टिकतो तेव्हा त्यात घरच्यांचा वाटा किती असतो हे क्वचितच बोललं जातं. मुलगी लहान असताना शनिवारची रात्र म्हणजे मी एकटी, हे ठरलेलं. मला त्याच्या वाजवण्याचा राग कधी आला नाही. राग यायचा तो ऐन वेळी कळण्याचा. "उद्या गिग आहे, आत्ताच फोन आला." सासूबाईंची डॉक्टरची वेळ, मुलीची परीक्षा, सगळं त्या एका फोनवर फिरायचं.

मग त्यांच्या ड्रमरच्या बायकोने पुढाकार घेतला. चार घरांची एक सामाईक वही, म्हणजे आता फोनवरचं कॅलेंडर. घरातली कामं आधी भरायची, गिग नंतर. एका घराने तारीख अडवली असेल तर त्या तारखेला बँड हो म्हणत नाही, आणि कारण विचारायचं नाही. सुरुवातीला त्यांना वाटलं की आता सगळी बोलावणी हातची जाणार. तसं काही झालं नाही. आयोजकाला लवकर उत्तर मिळायला लागलं, ठाम मिळायला लागलं, आणि हा बँड ऐन वेळी तोंडघशी पाडत नाही असं नाव झालं.

कारण विचारायचं नाही, हा नियम सगळ्यांत मोलाचा. आमच्या बँडमधल्या एकाच्या घरी बराच काळ आजारपण चालू होतं. कुणालाही न सांगता तो तारखा अडवत राहिला, आणि कुणी विचारलं नाही. त्याला सांगावंसं वाटलं तेव्हा त्याने सांगितलं. चौथी_तार यांनी थांबणं म्हटलंय ते मला असं कळलं.

डबल_पेडल:

ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. आमच्याकडेही कॅलेंडर उद्यापासून.

मी ड्रमर आहे, कोपरखैरणे. टिकण्याबद्दल बोलताय तर शरीराबद्दल बोलाच. माझ्या डाव्या कानात सतत बारीक शिट्टी वाजते, झोपताना जास्त. तपासणीत उंच पट्टीतलं ऐकू येणं कमी झालेलं निघालं. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

हिशेब साधा आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा मानतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. बंद गाळ्यात ड्रम आणि दोन अ‍ॅम्प चालू असले की १०० सहज ओलांडलं जातं, आणि आपण तिथे तीन-तीन तास बसतो.

एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये ऐन दौऱ्यात थांबावं लागलं. पुढे गेलात तर पूर्ण बहिरे व्हाल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो परतला, पण त्यासाठी खास इन-इअर, म्हणजे कानात घालायचे मॉनिटर, बनवावे लागले. आपल्याला तसे कोण बनवून देणार? म्हणून सांगतो, संगीतकारांचे फिल्टरवाले इअरप्लग घ्या. ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच खाली आणतात, आवाज गढूळ होत नाही. कापसाच्या बोळ्याने फक्त वरचा आवाज जातो, मग सिंबल ऐकू येत नाही म्हणून माणूस आणखी जोरात मारतो. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून त्याचं तोंड गुडघ्यांकडे ठेवू नका. खुर्चीवर चढवा, कानाकडे वळवा. गिटारिस्ट आपोआप आवाज कमी करतो.

गाळा_मालकाचा_मित्र:

गाळ्याचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीने सांगतो. अंड्याच्या ट्रेंनी आवाज बाहेर जायचा थांबत नाही! त्याने खोलीतला वरच्या पट्टीतला घुमारा थोडा कमी होतो, बस. किक आणि बेस भिंतीतून आरपार जातात. शिवाय ते ट्रे झटकन पेट घेतात, आणि गाळ्याला दार एकच असतं.

आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बंद लागतात. मूळ भिंतीपासून सुटी दुसरी भिंत, जिप्सम बोर्डाचे दोन थर, मधल्या पोकळीत रॉकवूल. ड्रमखाली रबर घालून उचललेलं फळ्यांचं व्यासपीठ. सगळ्यात आधी दाराखालची फट बुजवा, त्यात खर्च सगळ्यात कमी आणि फरक लगेच जाणवतो.

बिल्डिंगमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्या: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ड्रम किटला त्यात बसवणं शक्यच नाही. सोसायटीशी भांडून बँड चालत नाही. एमआयडीसीतला गाळा, तीन-चार बँड मिळून भाड्याने, प्रत्येकाला ठरलेला वार. वागळे, रबाळे, तुर्भे, कुठेही बघा.

जुनी_कॅसेट:

सगळ्यांचे प्रतिसाद आवडले, पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. टिकणं हा गुण कधीपासून झाला? बीटल्स दहा वर्षांत आटोपले. आर.ई.एम. हे अमेरिकन बँडवाले १९८० ला सुरू झाले आणि २०११ मध्ये भांडण-तंटा न करता थांबले. चौघांची नावं प्रत्येक गाण्यावर, पैसे सारखे, ड्रमर बिल बेरी १९९७ मध्ये बाहेर पडला तोही मैत्रीत. आणि एक दिवस त्यांनी सांगितलं, पुरे. मला त्यात मोठेपणा दिसतो.

आपल्या मुंबईचा इंडस क्रीड हा रॉक बँड बघा. १९८४ ला रॉक मशीन म्हणून सुरू झाले, १९९३ ला नाव बदललं, १९९७ ला बंद. २०१० ला परत जमले आणि २०१२ ला नवा अल्बम काढला, 'इव्हॉल्व'. ते मधली तेरा वर्षं फरफटत राहिले असते तर तो अल्बम झाला असता का?

मी स्वतः गात होतो. आमचा बँड बंद केला तेव्हा आम्ही पाचही जण वाशीला जेवायला गेलो आणि हसत निघालो. नवीन काही सुचत नव्हतं. जुनीच गाणी, त्याच जागी टाळ्या. चौथी_तार, खरं सांगा, तुमच्याकडे शेवटचं नवं गाणं कधी झालं?

चौथी_तार:

प्रश्न रास्त आहे. गेल्या पावसाळ्यात दोन झाली. आमच्याकडे पावसाळा नव्या गाण्यांसाठी राखून ठेवलेला आहे. उघड्यावरचे कार्यक्रम त्या दिवसांत नसतातच, पबवालेही थंड असतात. जून ते सप्टेंबर गाळ्यात जुनं गाणं वाजवायचं नाही, वॉर्मअपलाही नाही. पहिले दोन-तीन गुरुवार नुसती झटापट होते, हाताला काही लागत नाही. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज असतो की गायकाला स्वतःचं ऐकू येत नाही. मग जुलैच्या सुमारास कुणीतरी काहीतरी वाजवतो आणि बाकीचे मान वर करतात. दर वर्षी असं होतंच असं नाही. एका पावसाळ्यात एकही गाणं झालं नाही आणि आम्ही ते तसंच सोडून गणपतीला लागलो.

नवं गाणं यायला वेळ लागतो म्हणून बँड मेला असं मी मानत नाही. रोलिंग स्टोन्सचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम २००५ नंतर थेट २०२३ ला आला. मधल्या काळात चार्ली वॉट्स गेला. १९६३ पासूनचा ड्रमर, २०२१ च्या ऑगस्टमध्ये. २०२३ च्या अल्बममधल्या दोन गाण्यांवर त्याचंच वादन आहे.

इंडस क्रीडबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला माझ्याच बाजूचं वाटतं. ते परत जमू शकले, कारण परतायची वाट उरली होती. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचंही तसंच. गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ ला बँड सोडून गेला, १९९९ ला परतला, त्याच्याबरोबर गिटारिस्ट एड्रियन स्मिथही आला. तेव्हा दोन गिटारिस्ट आधीच होते. स्मिथला जागा करून द्यायला कुणालाही काढलं नाही. तीन गिटार ठेवल्या. २००८ च्या फेब्रुवारीत बीकेसीला आम्ही त्या तीन गिटार एकत्र ऐकल्या, आणि आमचा मस्कतवाला त्या वेळी खास सुट्टी काढून आला होता.

जुनी_कॅसेट:

बीकेसीला मीही होतो. तीन गिटारांचं मान्य. पण हसत निघालेल्या पाच जणांनाही टिकलेल्यांत धरा, एवढंच म्हणणं आहे. आम्ही पाचही जण आजही एकमेकांच्या घरी जातो. बँड ठेवला असता तर कदाचित गेलो नसतो.

चौथी_तार:

धरलं. मनापासून.

खारघर_सेक्टर_बारा:

नमस्कार. मी इथे सगळ्यात लहान असेन. आमचा बँड इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला झाला, आता सगळे पास झालोय. आमची गायिका एमएससाठी जर्मनीला चाललीय, किमान दोन वर्षं. गाण्यांचे शब्द तिचे, चाली आम्ही सगळे मिळून करतो. जानेवारी २०२५ ला डी. वाय. पाटीलला कोल्डप्ले आले तेव्हा स्टेडियमबाहेर उभं राहून ऐकताना आम्ही ठरवलं होतं की आपणही असंच चौघं राहायचं. आता एक मित्र म्हणतोय नवी गायिका घेऊ, दुसरा म्हणतोय ती येईपर्यंत बंद ठेवू. काय करावं?

डबल_पेडल:

बंद ठेवू नका. दोन वर्षांनी हातांची सवय गेलेली असेल आणि तिघं तीन दिशांना असतील.

कळवा_पूर्व:

नवी गायिका घ्या, पण आहे त्याच गाण्यांवर तिला उभी करू नका. लोक तुलना करतील आणि त्या मुलीवर अन्याय होईल.

इंडियन ओशन आठवा. दिल्लीत १९९० ला सुरू झालेला बँड. अशीम चक्रवर्ती तबला वाजवत गायचे, दोन्ही एकाच वेळी. २००९ च्या डिसेंबरमध्ये ते गेले. त्यांची नक्कल करणारा माणूस बँडने शोधला नाही. तबल्याला एक आणि गायला एक असे दोघं घेतले, आणि ते दोघं आपापल्या पद्धतीने वाजवू-गाऊ लागले. २०१३ ला गिटारिस्ट सुस्मित सेन बाहेर पडले तरी बँड चालू आहे. तुमची गायिका तर देवदयेने फक्त जर्मनीला चाललीय.

चौथी_तार:

@खारघर_सेक्टर_बारा, तिलाच विचारलंत का? तिघांनी मिळून तिच्याबद्दल ठरवू नका. ती जायच्या आधी चौघं बसा. माझा सल्ला: तिघांनी वाद्यांचं काम चालू ठेवा, ठरलेल्या वारी. रेकॉर्डिंग पाठवत राहा, ती तिकडून शब्द आणि गाण्याचे ट्रॅक पाठवेल. गिगपुरती कुणी गायला आली तर तिला पहिल्याच दिवशी सगळं सांगा. आणि जी गाणी आत्ता झालेली आहेत त्यांचे वाटे आत्ताच लिहून ठेवा. प्रेमात असताना लिहिणं सोपं जातं.

बेलापूर_कोर्टवाला:

इथे मी काही सांगू शकतो, व्यवसायाने वकील आहे आणि तबला वाजवतो.

कॉपीराइट कायद्यात गाण्याच्या शब्दांचा कर्ता गीतकार आणि चालीचा कर्ता संगीतकार. बेसवाल्याने आणि ड्रमरने कितीही जीव ओतला तरी संगीतकार म्हणून त्यांचं नाव लागलं नाही तर ते फक्त वादक ठरतात. वादकालाही हक्क असतात, पण ते वेगळे. म्हणून यूटूसारखे बँड चाल सगळ्यांच्या नावावर ठेवतात. क्वीन या ब्रिटिश बँडने १९८९ च्या अल्बमपासून गाणी चौघांच्या नावावर लावायला सुरुवात केली, त्याआधी ज्याचं गाणं त्याचं नाव होतं आणि त्यावरून कुरबुरी होत्या.

तुम्ही साधं स्प्लिट शीट करा. एका गाण्याला एक कागद. गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे आणि किती टक्के, चाल कुणाची आणि किती टक्के, चौघांच्या सह्या. पुढे आयपीआरएसला, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीला, गाणं नोंदवताना हेच टक्के लागतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कुठल्या कंपनीला लिहून देता येत नाही, वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. तेव्हा "सगळे हक्क आम्हाला द्या" असा कागद समोर आला तर सही करण्याआधी दाखवून घ्या.

आणि बँडचं नाव कुणाचं, हेही लिहा. ट्रेडमार्क घ्यायचा तर करमणुकीच्या सेवांचा वर्ग ४१. एकाच्या नावावर घेऊ नका.

खारघर_सेक्टर_बारा:

खूप खूप आभार सगळ्यांचे. रविवारी चौघं बसलो, सेंट्रल पार्कमध्ये. तिच्याशी आधी बोला हा सल्ला फार कामाचा ठरला. तिने स्वतःच सांगितलं की गिगला दुसरी कुणी गायली तर तिला चालेल, फक्त एक गाणं सोडून. ते गाणं तिच्या आजीवर आहे. ते आम्ही यादीतून काढलं, ती परत येईपर्यंत कुणी गाणार नाही.

पाच गाण्यांचे कागद झाले. शब्द पूर्ण तिचे, चाल चौघांची, प्रत्येकी पंचवीस टक्के. ड्रमर आधी नको म्हणत होता, मी काय चाल करतो म्हणाला. त्याला दोन नंबरच्या गाण्याची आठवण करून दिली, त्यातला थांबा त्यानेच आणला होता आणि त्या थांब्यामुळेच कोरस उभा राहतो.

नावाचं मात्र अडलं. ती म्हणते, ती नसताना तिघांनी तेच नाव वापरावं. आमचा गिटारिस्ट म्हणतो, तिच्याशिवाय ते नाव लावून वाजवायला त्याला बरं वाटत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात. वकीलसाहेब, असं लिहिता येतं का, की नाव चौघांचं, आणि तिघांनी वापरायचं तर प्रत्येक वेळी चौथ्याला कळवायचं?

बेलापूर_कोर्टवाला:

येतं. "चौघांची सामाईक मालकी, चौघांपैकी एकजण गैरहजर असताना नाव वापरायचं असल्यास त्याला आधी लेखी कळवायचं," असं साध्या मराठीत लिहा. मेसेजवर कळवलं तरी लेखी धरायचं, हेही लिहा. आणि तिने किती दिवसांत उत्तर द्यायचं ते घाला, नाहीतर आयोजक खोळंबेल.

सीवुड्सची_मी:

तीन दिवस ठेवा. तिकडे तिच्या परीक्षा असतील.